रक्ताचा पासपोर्ट: डोपिंग पकडतो की नुसता धाक दाखवतो?

खोडरबर
"बायोलॉजिकल पासपोर्टमध्ये विसंगती आढळल्याने खेळाडूवर बंदी" अशी बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, औषध सापडलंच नाही, नुसत्या आकड्यांवर माणूस संपवला. दुसरा म्हणतो, रक्त खोटं बोलत नाही. पासपोर्ट म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या नोंदींची वही. त्यातले आकडे येतात कुठून, याची विचारपूस दोघंही करत नाहीत. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सायकलिंगमध्ये १९९७ साली यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) हिमॅटोक्रिटला (रक्तातलं पेशींचं प्रमाण) पुरुषांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा घातली. वर गेलात तर शर्यत बंद, पण तो डोपिंगचा ठपका नाही, "प्रकृतीच्या कारणास्तव" विश्रांती. १९९९ च्या जिरोमध्ये (इटलीची मोठी सायकल शर्यत) आघाडीवर असलेला सायकलपटू पान्तानी याच नियमाने बाहेर गेला. या मर्यादेचा दुष्परिणाम असा की ज्याचं नैसर्गिक प्रमाण ४२, त्याला ४९ पर्यंत चढायची जणू मुभाच मिळाली, आणि जन्मजात ४९ असलेला बिचारा सतत काठावर. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून लघवीतलं कृत्रिम ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) शोधायची चाचणी आली, पण ईपीओ शरीरातून लवकर निघून जातं आणि त्याचा परिणाम मात्र कित्येक आठवडे राहतो. म्हणून औषधाऐवजी परिणाम मोजायचा, तोही सगळ्यांना एक मर्यादा न लावता ज्याच्या त्याच्या जुन्या नोंदींशी ताडून, ही पासपोर्टची कल्पना. यूसीआयने २००८ मध्ये सुरू केला, वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २००९ मध्ये मंजूर झाली.

माझं मत आधीच सांगतो, खोडायला सोपं जाईल: पासपोर्ट निर्दोष माणसाला सहसा अडकवत नाही, पण हुशार लबाडाला पकडण्यात तो बराचसा आंधळा आहे.

तांबडी पेशी
आकडा येतो कुठून, तिथूनच सुरुवात करू, कारण अर्धी भांडणं नळीतच लागलेली असतात.

शिरेतून रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्याआधी खेळाडूने पाय जमिनीला टेकवून निदान १० मिनिटं बसायचं. हे शिष्टाचार म्हणून नाही. उभं असताना रक्तद्रव शिरांतून ऊतींत झिरपतो आणि हिमोग्लोबिन घट्ट दिसतं, आडवं झाल्यावर उलट. माणूस तोच, रक्त तेच, पण आकडा काही टक्क्यांनी इकडेतिकडे. मेहनतीनंतरही ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो, पासपोर्टच्या मूळ नियमांत तो २ तासांचा होता.

मग नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, झटकायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. नळीबरोबर डब्यात तापमान नोंदणारं यंत्र ठेवतात. थंड ठेवायचं, गोठवायचं नाही. पोचायला किती उशीर चालतो याचं एक साधं सूत्र आहे: सरासरी तापमानाची तिप्पट अधिक रक्त घेतल्यापासून तपासणीपर्यंतचे तास. हा आकडा ८५ च्या आत हवा. सरासरी ७ अंश आणि ४० तास म्हणजे २१ + ४० = ६१, ठीक. सरासरी २० अंश आणि ३० तास म्हणजे ६० + ३० = ९०, संपलं.

हे सूत्र का लागतं? रेटिक्युलोसाइट, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी (यापुढे रेटिक), नळीतही प्रौढ होत राहतात. ऊब मिळाली की लवकर. म्हणजे नळी उन्हात राहिली तर रेटिकची टक्केवारी घसरते, आणि पासपोर्टच्या भाषेत घसरलेलं रेटिक म्हणजे संशय. हिमोग्लोबिन त्या मानाने टिकाऊ. पेशीचा आकार मात्र साठवणीत फुगतो, म्हणून त्यावर आधारलेले आकडे दुय्यम धरतात.

प्रयोगशाळेत नळी निदान १५ मिनिटं रोलरवर फिरवतात आणि लगोलग दोनदा मोजतात. दोन मोजण्यांत हिमोग्लोबिनचा फरक डेसिलिटरमागे ०.१ ग्रॅमच्या वर नको. रेटिक १ टक्का किंवा खाली असेल तर फरक ०.१५ पर्यंत चालतो, त्यावर असेल तर ०.२५ पर्यंत. नाहीतर पुन्हा मोजा. प्रयोगशाळांमध्ये यंत्रंही एकाच घराण्याची, सिस्मेक्सची, वापरतात. रेटिक मोजायची रंगद्रव्यं आणि सीमारेषा कंपनीगणिक वेगळ्या, त्यामुळे बाहेरच्या पॅथॉलॉजीतला आपला रिपोर्ट पासपोर्टशेजारी ठेवून "बघा, माझं १.४ आलं होतं" म्हणण्यात अर्थ नाही.

सरासरीकर
तांबडी पेशी, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. पुढचं मी घेतो.

पासपोर्टमध्ये बरेच आकडे असतात, पण धोक्याची घंटा वाजवणारे मुख्य दोन: हिमोग्लोबिन आणि ऑफ-स्कोअर. ऑफ-स्कोअर = लिटरमागे ग्रॅममधलं हिमोग्लोबिन वजा (६० गुणिले रेटिक टक्केवारीचं वर्गमूळ).

हिमोग्लोबिन १५०, रेटिक १.० असेल तर १५० − ६० = ९०. अगदी सामान्य. आता ईपीओचा कोर्स संपला असं धरा: हिमोग्लोबिन वर चढलेलं, १६५, आणि शरीराला वाटतंय की पेशी भरपूर आहेत, म्हणून मज्जेने काम मंदावलं, रेटिक ०.४. स्कोअर १६५ − ३८ = १२७. नाव "ऑफ" पडलं ते यामुळेच, औषध थांबवल्यानंतरचा काळ हे सूत्र पकडतं. स्वतःचंच साठवलेलं रक्त परत चढवलं तरी तेच चित्र: पेशी वाढल्या, कारखाना थंडावला. रक्त काढून ठेवलं की उलटं: हिमोग्लोबिन खाली, रेटिक वर, स्कोअर घसरलेला. म्हणून वरची आणि खालची, दोन्ही सीमा पाहतात.

सीमा ठरते संख्याशास्त्रातल्या बेझच्या पद्धतीने. लोझानच्या प्रयोगशाळेत सोटास, रॉबिन्सन, सोजी यांनी हे गणित बसवलं. पहिल्या नमुन्याला सीमा रुंद असतात, कारण तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं, फक्त तुमच्यासारख्या लोकांबद्दल माहीत असतं. जसजसे नमुने येतात तसतसा पट्टा तुमच्या स्वतःच्या चढउतारांभोवती आवळत जातो. आलेला आकडा ९९ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर पडला की "असामान्य" अशी नोंद होते. एकेक आकडा आत असूनही सगळी मालिका मिळून विचित्र असेल तर तीही नोंद होते.

आता ९९ टक्क्यांची गोम. समजा १००० खेळाडू, त्यातले ५० डोपिंग करणारे, आणि पद्धत त्यातल्या ४० टक्क्यांना पकडते (आकडे फक्त हिशोबासाठी). म्हणजे २० खरे सापडले. उरलेल्या ९५० निर्दोषांपैकी शंभरात एक म्हणजे ९ ते १० जणांवरही घंटा वाजली. वाजलेल्या तीस घंटांपैकी जवळजवळ एक तृतीयांश खोट्या! "९९ टक्के खात्रीने डोपिंग" असं कोणी लिहिलं की तो लेख तिथेच मिटावा. ९९ टक्के हा "निर्दोष असता तर असा आकडा किती विरळा" याचा हिशोब आहे, "दोषी असण्याची शक्यता" नाही.

धावतोय_हळूहळू
मग तीसपैकी दहा निर्दोषांचं काय होतं? बंदी?

उलटतपासणी
नाही. घंटा वाजणं आणि आरोप होणं यांच्यामध्ये बरीच पायपीट आहे.

आधी पासपोर्ट सांभाळणारं व्यवस्थापन केंद्र फाईल नाव झाकून एका तज्ज्ञाकडे पाठवतं. त्याला डोपिंगचा वास आला तर तिघांचं मंडळ बसतं: रक्तविज्ञान, प्रयोगशाळा आणि व्यायामशास्त्र अशा अंगांनी पाहणारी माणसं. खेळाडू कोण, कुठल्या देशाचा, काही कळत नाही. तिघांचं एकमत हवं, दोन विरुद्ध एक चालत नाही. नळीचा प्रवास, तापमानाची नोंद, यंत्राची तपासणी, सगळी कागदपत्रं मागवतात. मग खेळाडूला खुलासा विचारतात आणि खुलासा वाचून तिघं पुन्हा एकमताने बोलतात. त्यानंतर आरोप. तोही "औषध सापडलं" असा नसतो, "निषिद्ध पद्धत किंवा द्रव्य वापरलं" असा असतो, कारण वाडाच्या संहितेत वापर कुठल्याही विश्वासार्ह मार्गाने सिद्ध करता येतो.

लवादापर्यंत टिकतं का? २०११ मध्ये इटालियन सायकलपटू पेलिझोत्तीच्या प्रकरणात इटलीतल्या न्यायासनाने त्याला सोडलं होतं, पण लोझानच्या क्रीडा लवादाने २ वर्षांची बंदी दिली. पद्धत म्हणून पासपोर्टला मान्यता मिळाली ती अशाच निकालांनी. उलट बाजूही सांगायला हवी: चेक सायकलपटू क्रॉयत्सिगरवर आरोप झाला, चेक समितीने २०१४ मध्ये सोडलं, आणि २०१५ मध्ये सुनावणीच्या तोंडावर यूसीआय आणि वाडाने अपील मागे घेतलं. यंत्राने घंटा वाजवली म्हणून प्रकरण जिंकलंच, असं होत नाही.

दमसास
खुलाशांचा विषय निघालाच आहे तर सर्वांत आवडता खुलासा तपासू: "शरीरातलं पाणी कमी झालं होतं."

ब्रिटिश सायकलपटू टिअर्नन-लॉकचा २०१२ मधला नमुना घ्या. हिमोग्लोबिन १७९, रेटिक ०.१५. सरासरीकरांचं सूत्र लावा: ०.१५ चं वर्गमूळ ०.३८७, गुणिले ६० म्हणजे २३.२, स्कोअर १५५.८. बचाव असा की आदल्या दिवसांत खूप मद्यपान झालं, खाणंपिणं नीट नव्हतं, म्हणून रक्त घट्ट झालं. २०१४ मध्ये बंदी झाली.

बचाव का पडला ते समजून घेण्यासारखं आहे. पाणी कमी झालं की रक्तद्रव आटतो. हिमोग्लोबिन हे लिटरमागे मोजतात, म्हणून ते वाढतं. रेटिक मात्र शंभर तांबड्या पेशींमागे कोवळ्या किती, असं मोजतात. द्रव आटला तरी शंभरातल्या कोवळ्या तितक्याच राहतात! म्हणजे निर्जलीकरण १७९ ची थोडीफार सोय लावेल, ०.१५ ची नाही. तेवढं रेटिक खाली जायला मज्जा दाबली गेलेली लागते. दोन आकड्यांची ही जोडगोळी हीच पासपोर्टची खरी ताकद. एकाला निमित्त मिळतं, दोघांना एकच निमित्त क्वचित पुरतं.

खोडरबर
मान्य. पण हाच तर्क उलटा फिरवला तर? द्रव आटवून गुन्हा लपत नाही, द्रव वाढवून लपतो.

सरासरीकर
हो, आणि किती लपतो याचा हिशोबही करता येतो. रक्त ६ लिटर, त्यात द्रव ३.४ लिटर. द्रव १० टक्क्यांनी वाढला म्हणजे ०.३४ लिटरची भर. १५० चं हिमोग्लोबिन १५० × ६ ÷ ६.३४ = १४२. रेटिक जिथल्या तिथे. स्कोअर ९० वरून ८२. आठ अंक गायब, आणि मज्जेत काहीही घडलेलं नाही.

दमसास
आणि एवढी वाढ व्हायला लबाडीही लागत नाही. उकाड्यातला सराव, सलग कठीण दिवस, यांनी द्रव आपोआप वाढतो. तीन आठवड्यांच्या शर्यतीत प्रामाणिक सायकलपटूचं हिमोग्लोबिन हळूहळू खाली सरकतं. म्हणून तज्ज्ञ तिथे नेमकं उलटं बघतात: तिसऱ्या आठवड्यातही ज्याचं खाली आलं नाही, तो कोण?

सायकलपटू आर्मस्ट्राँगचं उदाहरण इथलंच. २००९ आणि २०१० च्या टूर द फ्रान्समधले त्याचे सात नमुने दबलेल्या रेटिकचे होते. यूएसएडीएच्या (अमेरिकेची डोपिंगविरोधी संस्था) २०१२ च्या निर्णयात तज्ज्ञ क्रिस्टोफर गोर यांनी असं नैसर्गिकरीत्या घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी धरली. आता गंमत बघा: हे नमुने पासपोर्ट चालू असतानाचे आहेत. तरी प्रकरण उभं राहिलं ते सहकाऱ्यांच्या साक्षींवर, आकडे मागून पुरवणीला आले.

दुसरा गोंधळ उंचीचा. समुद्रसपाटीपासून उंचावर राहिलं की शरीर स्वतःचं ईपीओ वाढवतं, पहिल्या एकदोन आठवड्यांत रेटिक वर. एकूण हिमोग्लोबिनचा साठा साधारण दर १०० तासांना १.१ टक्के या गतीने वाढतो. खाली उतरलं की साठा जास्त, गरज कमी, रेटिक दबतं, ऑफ-स्कोअर चढतो. कागदावर हे अगदी "ईपीओ थांबवलं" सारखं दिसतं. म्हणून नमुना देतानाच्या अर्जावर मागच्या २ आठवड्यांत १५०० मीटरच्या वर राहिलात का, कमी प्राणवायूचा तंबू वापरला का, हे विचारतात. मागच्या ३ महिन्यांत रक्त दिलं, घेतलं किंवा वाहून गेलं का, हेही. तज्ज्ञ हे पट्ट्याशी ताडतात. पण उंचीने ०.१५ रेटिक होत नाही, प्रमाणालाही महत्त्व आहे. आणि "मी उंचावर होतो" हे ठावठिकाण्याच्या नोंदीशी जुळावंही लागतं.

धावतोय_हळूहळू
रक्तदान केलं, लोहाची गोळी चालू आहे, अशा लोकांनी काय करायचं?

तांबडी पेशी
रक्तदान: करा, पण अर्जावर तारीख लिहा. एक पिशवी साधारण ४५० मिली. हिमोग्लोबिन खाली, रेटिक वर, म्हणजे "काढून ठेवलं" सारखंच चित्र. गुपचूप ठेवलं तर खुलासा मागून दिल्यासारखा दिसतो.

लोह: तोंडाने घेतलं तर हरकत नाही. शिरेतून घेताना लोहाचा प्रश्न नाही, मात्रेचा आहे. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणं ही निषिद्ध पद्धत आहे, रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासण्या एवढाच अपवाद, नाहीतर उपचारार्थ परवानगी. लोहाची कमतरता भरून निघताना रेटिक उसळतं, तेव्हा औषधाचे कागद जपून ठेवा.

उलटतपासणी
निर्दोष अडकत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक कडवट उदाहरण. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने क्लाउडिया पेखश्टाइनवर २ वर्षांची बंदी घातली. काही सापडलं नव्हतं. रेटिक साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं आणि संघटना वरची सीमा २.४ धरत होती. लवादाने त्याच वर्षी बंदी कायम ठेवली. पुढे वैद्यकीय तपासण्यांत तांबड्या पेशींचा आनुवंशिक दोष पुढे आला. पेशी लवकर मरतात, म्हणून मज्जा सतत जास्त काम करते. २०१५ मध्ये जर्मन ऑलिंपिक संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही त्याच बाजूने मत दिलं.

सरासरीकर
उदाहरण योग्य, पण दोष कुणाचा ते बघा. सगळ्यांना एकच २.४ ची रेघ लावली की जन्मजात उंच रेटिकवाला अडकणारच, ५० टक्के हिमॅटोक्रिटचीच चूक नव्या कपड्यांत. स्वतःच्या नोंदींवर पट्टा आवळणाऱ्या पद्धतीत तो उंच आकडा हीच तिची पायारेषा ठरली असती.

अवांतर: २०१५ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचा २००१ ते २०१२ मधल्या १२ हजारांवर रक्तचाचण्यांचा साठा फुटला, तेव्हाही हीच गल्लत झाली. २००९ च्या आधीचे नमुने आजच्या नियमांनी घेतलेले नव्हते. असा साठा "कुठे धूर आहे" ते सांगू शकतो, नाव घेऊन बोट दाखवायला पुरत नाही.

खोडरबर
निर्दोषांच्या बाजूचं माझं म्हणणं तरलं, आनंद आहे. आता माझी दुसरी बाजू. २०११ मध्ये संशोधक अॅशेंडन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना १२ आठवड्यांपर्यंत अगदी थोड्या मात्रेत ईपीओ दिलं. एकूण हिमोग्लोबिनचा साठा १० टक्क्यांच्या आसपास वाढला. औषध चालू असताना पासपोर्टच्या संगणकप्रणालीने एकावरही घंटा वाजवली नाही. एकावरही नाही! कारण सोपं आहे: मात्रा थोडी आणि सतत, म्हणजे रेटिक ना उसळतं ना दबतं.

आणि २०१९ चं ऑपरेशन आडरलास, रक्त डोपिंगच्या साखळीवरची पोलिसी कारवाई. झेफेल्डच्या स्की विश्वस्पर्धेत एक खेळाडू हातात रक्ताची सुई असताना सापडला. एर्फुर्टच्या डॉक्टरला पुढे तुरुंगवास झाला. त्या साखळीला पासपोर्टने धरलं नव्हतं. एका खेळाडूने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं, पोलिसांनी दारं उघडली.

दमसास
दोन्ही खरं. पण पासपोर्टचं रोजचं काम बंदी घालणं नाहीच. स्कोअर पट्ट्याच्या आत राहूनही कडेला सरकू लागला की केंद्र सांगतं, या खेळाडूकडे या आठवड्यात जा, लघवी घ्या, ईपीओसाठी खास तपासा. अंदाधुंद चाचणीत जे निसटतं ते नेमक्या दिवशी सापडतं. अशा वेळी बातमीत पासपोर्टचं नावही येत नाही, "ईपीओ सापडलं" एवढंच येतं. त्यामुळे पासपोर्टचं यश मोजताना फक्त पासपोर्टच्या बंद्या मोजणं म्हणजे राखणदाराने किती चोर स्वतः धरले तेवढंच मोजणं.

खोडरबर
राखणदार दिवसा येऊन जातो हे चोराला माहीत असतं ना पण.

तांबडी पेशी
म्हणून नमुने किती, यापेक्षा कधी घेतले हे महत्त्वाचं. वर्षाला सहा नमुने, सगळे शर्यतीच्या आसपास, म्हणजे कागद भरला, माहिती शून्य. तेच मोठ्या स्पर्धेच्या दोनतीन आठवडे आधी एक, आदल्या दिवशी एक, मध्ये एक, असे घेतले तर लपवायला जागा कमी उरते.

मूळ दुखणं तुम्ही धरलं आहेच: आपण दाटपणा मोजतो, साठा नाही. एकूण साठा मोजता येतो. कार्बन मोनॉक्साइडची छोटी मोजकी मात्रा श्वासातून देऊन ती हिमोग्लोबिनला किती चिकटली यावरून काढतात, द्रवाचा खेळ तिथे चालत नाही. पण ज्याची पूर्ण सहकार्याची तयारी नाही अशा माणसाला विषारी वायू हुंगायला लावून पुरावा गोळा करायचा, हे जमणारं नाही. श्वास नीट घेतला नाही, मुखपट्टी गळली, की आकडा चुकला. शिवाय हाच वायू वारंवार हुंगून साठा वाढवायचे प्रकार सुरू झाल्यावर यूसीआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली.

आशा आहे ती आकड्यांत रक्तद्रवाचा अंदाज मिसळण्यावर, म्हणजे रक्तातली इतर काही प्रथिनं एकत्र मोजून "आज द्रव किती वाढलेला आहे" हे काढणं. दुसरं, कोवळ्या पेशींतला आरएनए. एएलएएस२ नावाच्या जनुकाचं काम ईपीओने वाढतं आणि मज्जा दबली की घटतं, तेही पेशींच्या संख्येत फरक दिसायच्या आधी. बोटातून घेतलेल्या वाळलेल्या रक्ताच्या थेंबातही ते मोजता येतं.

सरासरीकर
त्यात एक मेख. मुळापासूनच डोपिंग करत आलेल्याची पायारेषाच भेसळीची असते, आणि पट्टा त्या भेसळीभोवती इमानदारीने आवळतो. मोजायला नवीन खूण आली तरी तिचा पहिला नमुना कनिष्ठ गटातच घेतला नाही, तर तोच घोटाळा नव्या खुणेवर.

उलटतपासणी
कनिष्ठ गटात रक्ताचे नमुने घ्यायचे तर पालकांची संमती, वाढीच्या वयात आपोआप चढणारं हिमोग्लोबिन, आणि खर्च. यातलं दुसरं तुमच्या गणिताला झेपेल का?

सरासरीकर
वय हे गृहीतकात घालता येतं, लिंग आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आजही घालतातच. अडेल ते संमतीपाशी.